काळं, पांढरं आणि मधलं सगळं : केकी मूस यांच्या निमित्तानं

मागच्या रांगेत बसलेल्यांना पडदा दिसतोय ना? डावीकडच्या खिडकीचा पडदा कुणीतरी पूर्ण ओढून घ्या, फट नको. हं, आता बघा. मघाशी हे चित्र धुऊन काढल्यासारखं दिसत होतं, आता त्यात काळं आलं. चित्र तेच, यंत्र तेच. प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही, तो फक्त उजेड टाकतो. चित्रात जिथं काळं आहे तिथं तो उजेड टाकायचा थांबतो, एवढंच. म्हणजे या पडद्यावरचा सगळ्यात गडद काळा हा या खोलीत जेवढा उजेड आहे तेवढाच काळा असणार. खिडकी उघडी ठेवून कृष्णधवल छायाचित्रावर व्याख्यान देणं म्हणजे बैलगाडीत बसून तंबोरा जुळवणं. (हशा)

आता आजच्या माणसाकडे येऊ. चाळीसगावचे केकी मूस. १९१२ साली मुंबईत पारशी कुटुंबात जन्म, इंग्लंडमध्ये फोटोग्राफीचं शिक्षण, १९३०च्या दशकाच्या अखेरीस परत येऊन चाळीसगावात मुक्काम, आणि ३१ डिसेंबर १९८९ रोजी तिथंच निधन. मधली जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी स्टेशनाजवळच्या आपल्या घरात स्वतःला कोंडून घेतलं. घराला नाव दिलं होतं ‘रेम्ब्रांट्स रिट्रीट’. खानदेशात हे नाव काढलं की पुढची गोष्ट कुणीही सांगतो : मुंबईची प्रेयसी, तिचा शब्द, रोज रात्री येणारी पंजाब मेल, उघडं ठेवलेलं दार, दोघांसाठी मांडलेलं जेवण. आम्ही ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलो आणि खरं सांगायचं तर पाहुण्यांना रंगवून सांगतही आलो. गोष्ट चांगलीच आहे. आमची तक्रार एवढीच की ती इतकी चांगली आहे की चित्रं बघायची गरजच उरत नाही. गोष्ट सांगणाऱ्याला मध्येच विचारून बघा, ‘त्यांचं कुठलं चित्र डोळ्यांसमोर आहे तुमच्या?’ दहातले नऊ जण पुन्हा पंजाब मेलवर येतात.

म्हणून आज गोष्ट बाजूला ठेवू. आज फक्त छटा बघू. कृष्णधवल चित्रात माणसाच्या हाती दुसरं असतं काय? रंग गेलेला असतो. राहते ती काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची एक शिडी, आणि तिच्या कुठल्या पायरीवर कोणाला बसवायचं हा निर्णय.

दोन शब्द आधी वेगळे करून घेऊ, कारण आपल्याकडे सगळा घोटाळा तिथं होतो. एक, छटांचा पल्ला. दुसरा, कॉन्ट्रास्ट. गाण्यावरून समजून घ्या. मंद्र सप्तकापासून तार सप्तकापर्यंत गाणं कुठून कुठवर फिरतं, तो पल्ला. आणि एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाताना तुम्ही श्रुतीश्रुतीनं घसरत जाता की एकदम उडी मारता, तो कॉन्ट्रास्ट. चित्रात शुद्ध काळंही आहे, शुद्ध पांढरंही आहे, म्हणजे पल्ला पूर्ण आहे; पण मधले सगळे सूर गाळून टाकलेत. असं चित्र जोरदार दिसतं, लांबून डोळ्यांत भरतं, आणि अर्ध्या मिनिटात संपतं. उलट, एखाद्या धुक्यातल्या चित्रात काळं नाहीच, पांढरंही नाही, सगळा खेळ मधल्या चार पायऱ्यांवर. पल्ला तोकडा, पण त्या चार पायऱ्यांच्या मध्येही बारीक बारीक पायऱ्या. आजकाल मोबाईलवर ‘ब्लॅक अँड व्हाइट इफेक्ट’ नावाचं जे बटण आहे ते बहुतेक वेळा पहिला प्रकार करून देतं. मुलं म्हणतात, ‘सर, मस्त कॉन्ट्रास्ट आलाय.’ आलाय खरा. पण त्याच्या बदल्यात काय गेलंय, ते कुणी विचारत नाही.

आपल्या भाषेत या मधल्या सुरांना शब्दांची कमी नाही, बरं का. करडा, पारवा, राखी, धुरकट, भुरकट, मळकट. कळण्याची भाकरी आणि नुसत्या ज्वारीची भाकरी शेजारी ठेवली तर खानदेशातलं पोरसुद्धा अंधाऱ्या स्वयंपाकघरात ओळखेल कुठली कुठली. डोळे आपले तयार आहेत. कॅमेऱ्याच्या मागे गेलं की काय होतं कोण जाणे.

आणि कॅमेरा आपल्यासारखं बघत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या पाहिल्यात ना? जमिनीवर लांबच लांब लालभडक मिरची वाळत टाकलेली. डोळे दिपतात. आम्ही पहिल्यांदा तिथं साधी पॅनक्रोमॅटिक फिल्म घालून गेलो आणि निगेटिव्ह धुतल्यावर कपाळाला हात लावला. मिरची आणि तिच्याखालची जमीन जवळजवळ एकाच करड्या रंगाची! लाल आणि मातकट तपकिरी हा भेद आपल्याला रंगामुळे कळतो, उजळपणामुळे नाही. रंग काढला की दोघी सख्ख्या बहिणी. पुढच्या वेळी लाल फिल्टर लावून गेलो, मिरची उजळ झाली, आकाश गडद झालं, तेव्हा कुठं चित्र उभं राहिलं. म्हणजे कृष्णधवल चित्र म्हणजे ‘जे होतं त्यातून रंग वजा’ असं नाही. कुठला रंग कुठल्या पायरीवर उतरणार हे आधी ठरवावं लागतं. तुम्ही ठरवलं नाही तर फिल्म ठरवते, नाहीतर मोबाईल कंपनी.

फिल्मनं ठरवल्याचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या शेजारीच आहे, अजिंठ्याला. जिल्हा आमचा नाही, पण गाडीतून उतरायचं जळगावलाच. मूस यांच्या आधी ऐंशीएक वर्षं मागे जाऊ. मद्रास सैन्यातला अधिकारी रॉबर्ट गिल याला १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचं काम मिळालं. त्यानं वर्षानुवर्षं तैलरंगात नकला केल्या, त्या लंडनला गेल्या, आणि १८६६च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. गिल १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळात आहे. पारो आणि गिल यांची गोष्ट तुम्हाला महानोरांच्या कवितेमुळे, सिनेमामुळे माहीत आहे. बघा, पुन्हा गोष्टच. या मातीत छायाचित्रकारांच्या नशिबी प्रेमकथाच का येतात कळत नाही.

गिलचं दुसरं काम मात्र कमी लोकांना ठाऊक असतं. तो चांगला छायाचित्रकार होता. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनबरोबर त्याचं भारतातल्या लेण्यांवरचं पुस्तक निघालं, त्यात ७४ छायाचित्रं आहेत. आता प्रश्न असा, की ज्या माणसाच्या हातात कॅमेरा होता त्यानं भित्तिचित्रं कॅमेऱ्यानं का नाही टिपून ठेवली? लेण्यांत अंधार होता, हे एक. पण दुसरं कारण आमच्या विषयातलं आहे. त्या काळची कोलोडियनची काच फक्त निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा उजेड ओळखायची. लाल आणि पिवळा तिला दिसतच नसे. आणि अजिंठ्याच्या भिंती कशानं रंगवल्यात? गेरू, पिवळी माती, त्यांच्या मधल्या सगळ्या उबदार छटा. म्हणजे जिथं चित्रकारानं गालावर उजेड म्हणून पिवळसर छटा दिली, तिथं काचेवर काळोख. निळं आकाश मात्र जळून पांढरंफटक. त्या काळातली बाहेरची छायाचित्रं बघा, आकाशात एक ढग सापडणार नाही. दगडाची लेणी, खांब, कमानी यांचं सुंदर काम त्या काचेनं केलं, कारण दगडाला रंगाशी घेणंदेणं नव्हतं. रंगवलेला चेहरा तिला जमला नाही.

आणि खराखुरा चेहराही नीट जमला नाही. सावळ्या कातडीत लाल-पिवळा उजेड जास्त असतो, निळा कमी. त्यामुळे त्या काळच्या चित्रांत आपली माणसं होती त्याहून काळी उतरली. ती ‘नेटिव्ह’ म्हणून ज्या अल्बमांत चिकटवली गेली तिथं ती तशीच राहिली. यात कुणाचा दुष्टपणा शोधायची गरज नाही, ते रसायन होतं. पण रसायनानं एक सवय लावून दिली, ती रसायन बदललं तरी गेली नाही.

ही सवय आमच्यातही होती. इथं स्वतःचीच फजिती सांगतो.

धुळ्यात आम्ही चौघांनी मिळून एका माळ्यावर डार्करूम थाटली होती. डार्करूम कसली, जुन्या चादरी आणि बाभळीच्या खिळ्यांवर टांगलेली गोणपाटं. एन्लार्जर जुना, चिमटे स्वयंपाकघरातले, ट्रे प्लॅस्टिकचे. खानदेशातल्या डार्करूमचा पहिला शत्रू उजेड नव्हे, पाणी. डेव्हलपर २० अंशांवर वापरा असं डब्यावर छापलेलं असायचं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, आणि मध्यरात्रीसुद्धा नळाला येतं ते कोमटच. डेव्हलपर गरम झाला की त्याचा वेग वाढतो, निगेटिव्ह भरकन गडद होते, आणि जास्त वेळ राहिली तर कॉन्ट्रास्ट चढत जातो. उजळ भाग दगडासारखे होतात, छपाईत तिथून काहीच निघत नाही. आम्ही माठातलं पाणी वापरायचो, कधी बर्फाचा खडा टाकायचो. मग गरम डेव्हलपरमधून निघालेली फिल्म गार पाण्यात गेली की तिचा थर सुरकुतायचा, जाळीसारखा. त्यालाही आम्ही ‘इफेक्ट’ म्हणून खपवलंय. (हशा) कागदाचंही तेच. दुकानात जो ब्रोमाइड पेपर शिल्लक असेल तो घ्यायचा. सॉफ्ट पेपर मागितला की दुकानदार म्हणायचा, कोणी नेत नाही, ठेवत नाही. सगळ्यांना हार्ड हवा. तेव्हा आमच्या त्या काळातल्या कामाला कुणी ‘ठाशीव खानदेशी शैली’ म्हटलं तर विश्वास ठेवू नका. अर्धी शैली टाकीतल्या पाण्याची होती आणि अर्धी दुकानदाराची.

तर अशा दिवसांत, वेचणीच्या हंगामात, आम्ही पारोळ्याच्या अलीकडे एका कपाशीच्या शेतात गेलो. भर दुपार. खाली काळी जमीन, वर फुटलेला पांढरा कापूस, त्यात वेचणाऱ्या बायका. म्हटलं, निसर्गानंच कृष्णधवल चित्र मांडून ठेवलंय, आपण फक्त बटण दाबायचं. एका मावशींचं चित्र घेतलं. कापूस पांढरा यायला हवा म्हणून उजेड मोजला तो कापसाचा. मावशींच्या डोक्यावर पदर, पदराची सावली चेहऱ्यावर. घरी येऊन हार्ड पेपरवर छापलं. वा! कापूस लखलखतोय, पदराची कड धारदार, आणि मध्ये चेहऱ्याच्या जागी एक काळा आकार, त्यात दोन डोळ्यांचे ठिपके. एका स्पर्धेला पाठवलं, उल्लेखनीय म्हणून निवडलं गेलं. फुशारक्या मारत प्रत घेऊन शेतात गेलो. मावशींनी ती उन्हात धरली, जवळ घेतली, लांब धरली, आणि म्हणाल्या,

‘मी इतली काई शे का भाऊ?’

रागावल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या. शेजारची कुणी हसली. आम्ही काहीतरी पुटपुटलो, उन्हामुळे वगैरे. पण ऊन कुठलं! उन्हात त्यांचा चेहरा आम्हाला स्पष्ट दिसला होता, आम्ही त्यांच्याशी बोललो होतो. डोळ्यांना दिसलेला चेहरा आम्ही कापसाच्या किमतीत विकला होता.

यातलं तंत्र सोपं आहे, सांगून टाकतो. भर उन्हात कापसाचं बोंड आणि पदराच्या सावलीतली घडी यांच्यातल्या उजेडात कित्येक पटींचा फरक असतो. उघड्या दारातून घराच्या आत बघत असाल तर आत-बाहेर मिळून हजारपट सहज होतो. चकचकीत फोटो पेपर जास्तीत जास्त शंभरेक पटींचा फरक दाखवतो, खरखरीत कागद त्याहून बराच कमी, वर्तमानपत्राचा कागद तर विचारूच नका. म्हणजे हजाराची रक्कम शंभराच्या पाकिटात भरायची. काहीतरी बाहेर राहणारच. प्रश्न तंत्राचा एवढाच, की काय बाहेर ठेवायचं ते तुम्ही ठरवणार की नाही. अमेरिकेत अन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या आसपास ‘झोन सिस्टिम’ मांडली ती याच हिशेबासाठी. शून्यापासून दहापर्यंत पायऱ्या. पाचवी पायरी मधली करडी. उजेड मोजणारं मीटर समोर काहीही धरलं तरी त्याला पाचव्या पायरीवरच बसवू बघतं. त्याला कापूस कळत नाही, मावशी कळत नाहीत. आणि अॅडम्सनं लिहून ठेवलंय की उन्हातली गोरी कातडी सहाव्या पायरीवर ठेवावी. अहो, ते त्याच्याकडचं. आमच्याकडे बरेच चेहरे पाचव्या, चौथ्या पायरीवरचे, आणि त्यात पदराची सावली. तिथल्या कोष्टकानं इथं छापलं तर दोनच गोष्टी होतात : चेहरा बुडतो, किंवा जबरदस्तीनं उजळवला जातो.

जबरदस्तीनं उजळवण्याचा धंदा तर आमच्या गावोगावच्या स्टुडिओंनी मन लावून केला. तरुण श्रोत्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो, तेव्हा रिटचिंग निगेटिव्हवर व्हायचं, टोकदार पेन्सिलीनं. निगेटिव्हमध्ये जिथं पेन्सिल फिरवाल तिथं ती गडद होते, म्हणजे छापताना तिथं उजेड कमी पोचतो, म्हणजे कागदावर ती जागा उजळ. सुरकुती गेली, देवीचा व्रण गेला, मुलगी दोन पायऱ्या वर चढली. स्थळ दाखवायच्या फोटोत हे हमखास. फार कसबी हात होते ते, त्यांची चेष्टा आम्ही करणार नाही. पण परिणाम बघा. जुन्या अल्बमांत एकाच घरातल्या बाया दोन प्रकारे दिसतात : लग्नाआधीच्या फोटोत पिठासारख्या, आणि शेतातल्या फोटोत कोळशासारख्या. मधली जी खरी पायरी, तिच्यावर त्यांना कुणी उभंच केलं नाही.

आता तिसरा प्रकार, जो आम्हाला जास्त टोचतो, कारण त्याला बक्षिसं मिळतात. सातपुड्यातली चित्रं. अक्कलकुव्याकडे काठीची होळी असते, रात्रभर ढोल, पहाटे होळी पेटते. पुण्या-मुंबईचे छायाचित्रकार येतात, आम्हीही जातो. मग भिल्ल, पावरा माणसांचे कृष्णधवल चेहरे प्रदर्शनात लागतात. कॉन्ट्रास्ट चढवलेला, सुरकुती न् सुरकुती कोरून काढलेली, घामाचा थेंब हिऱ्यासारखा, आणि बाकी सगळं डांबर. लांबून बघताना थरारून जायला होतं. जवळ गेलं की कळतं, हा माणूस नाही, पोत आहे. झाडाच्या सालीचं चित्र असंच काढतात. त्या माणसाला त्या क्षणी कंटाळा आला होता, झोप आली होती, की तो शेजाऱ्याकडे बघून हसायच्या बेतात होता, हे ज्या बारीक करड्या छटांत लिहिलेलं असतं, गालाच्या आणि ओठांच्या कडेला, त्याच आधी मारल्या जातात. ‘प्रभावी’ हा शब्द परीक्षकांच्या तोंडी ऐकला की आम्हाला धडकी भरते. कोणावर प्रभाव? कशाच्या मोबदल्यात?

कॉन्ट्रास्ट वाईट असं आम्ही म्हणत नाही. होळीची ज्वाळा करडी काढली तर ती होळी कसली! पण कॉन्ट्रास्ट हे मीठ आहे, भरीत नाही.

तर आता, एवढ्या वळणानं, मूस यांच्या दारात येऊन उभे राहू. धुळ्याहून चाळीसगावला जाणारी गाडी असायची, छोट्या फाट्यावरची. आम्ही त्या गाडीनं तिथं गेलो ते त्या मावशींच्या प्रसंगानंतर, खाली मान घालून. मूस तेव्हा हयात नव्हते. घरात त्यांची चित्रं, शिल्पं, लाकडावरचं काम, कागदाच्या घड्यांच्या वस्तू आणि मुख्य म्हणजे छायाचित्रं.

टेबल-टॉप हा त्यांचा गाजलेला प्रकार. टेबलावर छोटं जग उभारायचं आणि त्याचं असं चित्र घ्यायचं की बघणाऱ्याला ते खरं वाटावं. या प्रकारात सगळी मदार छटांवर असते. मिठाचा ढीग बर्फ वाटायचा असेल तर तो नुसता पांढरा येऊन चालत नाही. पांढऱ्याच्या आतले तीन-चार पांढरे दिसले पाहिजेत, उताराचा वेगळा, सावलीचा वेगळा. ते एक झाले की मीठ पुन्हा मीठ होतं. म्हणजे टेबल-टॉप करणारा माणूस लबाडी करतो ती आकारांनी नव्हे, छटांनी. स्पष्टच सांगतो, हा प्रकार आम्हाला सगळाच आवडतो असं नाही. त्यावर त्या काळच्या सलोन स्पर्धांचा वास आहे, शीर्षकांत जरा गोडवा जास्त, भावना तयार बांधून दिलेल्या. पण रियाज म्हणून बघा. वर्षानुवर्षं एका खोलीत बसून उजळ छटेच्या आतली उजळ छटा वेगळी काढणारा हा माणूस जेव्हा समोर बसलेल्या चेहऱ्याकडे वळतो, तेव्हा काय होतं?

घराला रेम्ब्रांटचं नाव का, ते तिथं कळतं. लोक समजतात रेम्ब्रांट म्हणजे खूप काळोख. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात, झालं. आमचे स्टुडिओवालेही त्याला ‘रेम्ब्रांट लायटिंग’ म्हणतात, एक दिवा इकडे, अंधाऱ्या गालावर उजेडाचा तिकोना. पण रेम्ब्रांटचा काळोख रिकामा नसतो. त्यात डोळे सरावले की हळूहळू वस्तू सापडतात. मूस यांच्या एका वृद्धाच्या चित्रासमोर आम्ही बराच वेळ उभे होतो. सुरुवातीला दिसला तो उजेडातला गाल आणि मिशी. मग सावलीतला कान. मग कपड्याची घडी. मग, शेवटी, सावलीतला डोळा. आणि तो उजेडातल्या डोळ्यापेक्षा वेगळं बघत होता. चाळीसगावचा मे महिना धुळ्यापेक्षा थंड नाही. पाणी तेच, ऊन तेच. आणि तरी या माणसानं चौथ्या पायरीखालच्या सगळ्या पायऱ्या शाबूत ठेवल्या. आमच्या मावशींना जिथं आम्ही बुडवलं, तिथं त्यांनी एका अनोळखी म्हाताऱ्याला जपून ठेवलं होतं. कोंडून घेण्याचा काही उपयोग झाला असेल तर आमच्या मते हा. घाई नव्हती. गोष्टीत ज्याला वाट बघणं म्हणतात, ते डार्करूममध्ये फार कामाचं असतं.

घरी परतल्यावर त्या मावशींकडे पुन्हा गेलो. त्यांना लिंबाखाली बसवलं, समोर कुणाचं तरी पांढरं धोतर दोन काठ्यांना बांधून धरलं, म्हणजे खालून उजेड परत फिरेल. मीटर चेहऱ्यापाशी नेलं. फिल्म जरा कमी वेळ धुतली. सॉफ्ट पेपर मुंबईहून मागवला. चेहरा गोरा आला नाही, हे नीट ऐका. सावळाच आला, पण त्यात सगळं आलं : कपाळावरचं गोंदण, नाकाजवळचा तीळ, खालच्या ओठाची चीर. कापूस मागे पांढरा लोळागोळा झाला, त्यातलं एक बोंड ओळखू येत नाही. त्यांनी पाहिलं, काही म्हणाल्या नाहीत, आणि पोराला सुरतेला धाडायला आणखी एक प्रत मागितली. स्पर्धेत ते चित्र कुठंच लागलं नाही.

आता जे खरं काळजीचं आहे ते. मूस यांची चित्रं आज बहुतेक लोक बघतात ती मोबाईलवर. कुणीतरी भिंतीवरच्या फ्रेमचा फोटो काढतं, काचेत समोरची खिडकी, कोपऱ्यात काढणाऱ्याचा हात. मग ते व्हॉट्सअॅपवरून पन्नास हातांतून फिरतं, दर वेळी थोडं दाबलं जातं. पुढं कुणी जयंतीचं पोस्टर करतं आणि चित्र ‘फिकं दिसतंय’ म्हणून कॉन्ट्रास्ट चढवतं. आम्ही मघाच्या त्या वृद्धाचं असं एक पोस्टर पाहिलं. सावलीतला डोळा नाही. कान नाही. काळ्या पाटीवर एक गाल आणि मिशी, खाली पंजाब मेलची गोष्ट. आता त्या पोस्टरवरूनच ज्याला मूस कळणार, तो म्हणेल, ठीक आहे, नाट्यमय काम आहे. त्याचं चुकत नाही. त्याच्यापर्यंत मूस पोचलेलेच नाहीत, पोचलाय तो काळा डाग.

उपाय काही आकाशातला नाही. काच काढून, दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांतून सारखा उजेड टाकून, चित्राशेजारी करड्या पायऱ्यांची पट्टी ठेवून, सोळा बिटांत प्रतिमा घ्यायची. पट्टी शेजारी असली की पन्नास वर्षांनी बघणाऱ्यालाही कळतं, हा करडा मूळचा कितवा होता. पट्टी कापून टाकायची नाही. खर्च फार नाही, चिकाटी लागते. जळगाव-धुळ्यात फोटोग्राफी शिकणारी एवढी मुलं आहेत. लग्नाच्या सीझनमधून चार दिवस काढता येतील. घराघरांतल्या ट्रंकांत जे जुने ब्रोमाइड प्रिंट पडलेत, त्यांनाही हेच लागू. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, एवढं तरी करा.

प्रश्न घेऊ. हो, तुम्ही, निळा शर्ट. मोबाईलमध्ये कृष्णधवल करताना कॉन्ट्रास्ट किती ठेवायचा? आकडा नाही सांगता येणार. त्या पट्टीला आधी हातच लावू नका. बऱ्याच अॅपमध्ये प्रत्येक रंगाची उजळ-गडद पट्टी वेगळी असते. नारिंगी पट्टी थोडी थोडी हलवून बघा, आपल्याकडची कातडी तिथं असते. सावलीतला गाल आणि त्याच्या मागची भिंत वेगळी दिसू लागली की थांबा. मग हवं तर कॉन्ट्रास्ट. आणि एकदा कागदावर छापून ज्याचा फोटो आहे त्याला दाखवा.

शेवटचा प्रश्न, ताई. मूस यांचं घर बघायला कधी जावं? सकाळी. दुपारी काचांवर खिडक्या पडतात. आणि चित्राच्या अगदी समोर उभ्या राहू नका, अर्धं पाऊल डावीकडे व्हा, डोकं जरा कलतं ठेवा, म्हणजे काचेत तुम्ही दिसणार नाही. पहिले दोन मिनिटं काही दिसलं नाही तर पुढे सरकू नका, तिथंच थांबा.